हवेकडून बॅटरीकडे



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी घेतलेला विषय दोन हातांत मावेल एवढ्या वस्तूचा आहे. रेडिओने चालवायचे आणि विजेवर उडणारे मॉडेल विमान ही ती वस्तू. तिचे भाग कोणते, आणि त्या भागांना जी नावे व जे आकडे चिकटलेले असतात त्यांचा अर्थ काय लावायचा, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे. हे भाग शिकवण्याचा एक क्रम रूढ आहे. आधी हातातला ट्रान्समीटर, मग विमानाच्या पोटातला रिसिव्हर, मग बॅटरी, मग मोटरीचा वेग राखणारा ईएससी, मग मोटर, आणि शेवटी नाकावरचा प्रोपेलर. पंख आणि शेपूट यांची चित्रे त्यानंतर कुठेतरी येतात. हुकूम आणि वीज ज्या वाटेने जातात ती ही वाट, त्यामुळे हा क्रम कोणालाही सरळ वाटतो. माझे म्हणणे असे आहे की समजून घेण्यासाठी ही वाट उलट्या बाजूने चालावी लागते. सुरुवात हवेपासून करावी आणि एकेक पाऊल मागे येत बॅटरीपर्यंत आणि ट्रान्समीटरपर्यंत पोहोचावे. कारण या यंत्रात वीज मागून पुढे कोणी ढकलत नाही. पलीकडून जेवढे मागितले जाते तेवढेच अलीकडून दिले जाते. घराच्या मीटरवर ३० अँपिअर लिहिलेले असते म्हणून घरात सतत ३० अँपिअर वाहत नाहीत. कोणी गीझर लावला, शेजारी इस्त्री लावली, की मग वाहतात. मॉडेल विमानाच्या जवळपास प्रत्येक भागावरचा आकडा हा असा मीटरवरचा आकडा आहे. नवशिका मात्र तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतो, जितका मोठा तितका चांगला. मोटर जळते, बॅटरी फुगते, विमान वळणावर कोसळते, त्यामागे बहुतेक वेळा हेच वाचन असते.

तेव्हा हवेपासून सुरू करू. आपल्यासमोर एक साधे शिकाऊ विमान आहे असे धरा. पंख पोटाच्या वर बसवलेला, पंखाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार १२० सेंटिमीटर, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, जिला कॉर्ड म्हणतात, २० सेंटिमीटर, आणि बॅटरीसकट वजन १ किलो. पंखाचे क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर झाले. वजनाला क्षेत्रफळाने भागले की प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ४२ ग्रॅम पडतात. याला विंग लोडिंग म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या शब्दसंग्रहात पहिला शिकवावा असा शब्द हाच आहे. हे विमान किती हळू उडू शकेल हे तो सांगतो. साध्या पंखाला हवेतून जितकी उचल काढता येते ती गृहीत धरून हिशेब केला, तर हे विमान ताशी सुमारे २७ किलोमीटरच्या खाली तरंगू शकत नाही. त्याखाली पंखावरचा प्रवाह सुटतो आणि विमान स्टॉल होते. वजन दुप्पट केले तर हा वेग दुप्पट होत नाही, १.४ पट होतो, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास जातो. आणि वजन दुप्पट करायला सामान भरावेच लागते असे नाही. विमान ६० अंशांत कलवून उंची न सोडता वळण घेतले, तर त्या वळणापुरते पंखाला स्वतःचे वजन दुप्पट भासते. सरळ उडताना सुखरूप असलेले विमान त्याच वेगात वळणावर का पडते, याचे उत्तर मोटरीत नाही, ते या भागाकारात आहे. हवा पातळ झाली तरी तोच परिणाम होतो. समुद्रकाठच्या रत्नागिरीत उडवलेले विमान पाचगणीच्या पठारावर, सुमारे १३०० मीटर उंचीवर नेले, तर तिथली हवा साधारण बारा टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे स्टॉलचा वेग सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि विमान उतरताना मैदान थोडे अपुरे पडू लागते. वजनाचे हे महत्त्व कायद्यालाही मान्य आहे. भारतातल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत वर्गवारी वजनावरून आहे: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, याप्रमाणे.

पंखानंतर प्रोपेलर. इथे आपल्या भाषेने एक गोष्ट आधीच करून ठेवली आहे. पंख आणि पंखा हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, आणि हवेच्या दृष्टीनेही त्या दोन वस्तू एकच आहेत. प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा पंख. त्यावर १० बाय ५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टोकापासून टोकापर्यंतचा व्यास, इंचांत. दुसरा पिच, म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा हा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल तेवढे अंतर, तेही इंचांत. मिनिटाला ८५०० फेरे धरले तर ५ इंच पिचचा पंखा हवेला ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने मागे सारू पाहतो. स्टॉलच्या २७ शी ताडून पाहिले तर हे अंतर पुरेसे आहे; शिकाऊ विमानाला पिचचा वेग स्टॉलच्या दोन ते तीन पट असावा असा अनुभवी लोकांचा अंदाज असतो. आता खरी लक्षात ठेवायची बाब. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, आणि पिच तोच ठेवला तर व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे. १० च्या जागी ११ इंची प्रोपेलर लावला तर तेवढेच फेरे राखायला जवळजवळ ४५ टक्के जास्त शक्ती लागते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही, प्रत्येक बाजूला पाते जेमतेम सव्वा सेंटिमीटरने लांब झालेले असते. पण त्या सव्वा सेंटिमीटरमुळे मागच्या प्रत्येक भागाला द्यावे लागणारे उत्तर बदलते.

मोटरीकडे आता येऊ. आजची मोटर बहुधा ब्रशलेस असते, तीन तारांची, बाहेरचा डबा चुंबकांसकट फिरणारी. तारा ईएससीला कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालते, उलटी फिरली तर त्यांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. तिच्यावर १००० केव्ही असे लिहिलेले असते आणि इथेच मोठा घोळ होतो. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावरचा ११ केव्ही आपल्याला ठाऊक असतो, तो किलोव्होल्ट. हा केव्ही त्याचा कोणीही नव्हे. मोटरीला काही भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे फिरेल, तो हा आकडा. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर मोकळी ११,१०० फेरे फिरेल, आणि प्रोपेलर लावल्यावर हवेच्या विरोधामुळे साधारण ८५०० वर येईल. १४०० केव्हीची मोटर १००० पेक्षा ताकदवान असते, हा समज दुकानाच्या काउंटरवर रोज ऐकू येतो. तोच गाभा, तेच चुंबक, पण तारेचे वेढे कमी घेतले की केव्ही वाढतो, आणि त्याच प्रमाणात एका अँपिअरमागे मिळणारा पीळ कमी होतो. मोटरीची शक्ती तिच्या आकारातून, तांब्यातून आणि उष्णता बाहेर टाकण्याच्या कुवतीतून येते. तिला जोडलेला प्रोपेलर किती फेऱ्यांनी फिरावा, एवढेच केव्ही सांगतो. सायकलच्या गिअरचे काम ते. म्हणून प्रोपेलर ठरवल्याशिवाय केव्हीचा आकडा वाचताच येत नाही. आमच्या शिकाऊ विमानाच्या मोटरीवर ११ इंची प्रोपेलर चढवला तर मोटर तेवढेच फेरे राखायला धडपडते, थोडी मंदावते आणि करंट जास्त घेते. १.४ पट करंट म्हणजे तारेत दुप्पट उष्णता, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तीनऐवजी चार सेलची बॅटरी लावली तर व्होल्टेज फक्त एक तृतीयांशाने वाढते, पण तोच प्रोपेलर दुपटीहून जास्त शक्ती मागू लागतो. बॅटरी बदलणाऱ्याला वाटते की आपण थोडा जोर वाढवला.

मागणीचा हा नियम किती कठोर आहे ते एका प्रसंगात स्पष्ट दिसते. छोट्या तेलाच्या इंजिनाच्या प्रोपेलरला काही अडले तर इंजिन बंद पडण्याचा तरी संभव असतो. विजेची मोटर अडली की तिचे फेरे उतरतात, आणि फेरे उतरले की ती अधिक करंट ओढते. अडथळ्यावर ती जास्त जोर लावते. १० इंची प्रोपेलरचे टोक ८५०० फेऱ्यांना ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. टेबलावर तपासणी करताना प्रोपेलर काढून ठेवायचा, हा नियम यासाठी आहे. विमान गवतात नाकावर आपटल्यावर थ्रॉटलची काठी ताबडतोब खाली ओढायची असते तीही त्याचसाठी, नाहीतर थांबलेल्या मोटरीतून करंट वाहतच राहतो आणि ईएससीतून धूर येतो.

आता हिशेब बॅटरीपर्यंत नेऊ. शिकाऊ विमानाला पूर्ण थ्रॉटलवर किलोमागे साधारण २०० वॅट मिळावेत असा ठोकताळा आहे. सम उंचीवर संथ उडायला याचा चौथा हिस्साही पुरतो, बाकीचे चढण्यासाठी आणि वाऱ्याशी झगडण्यासाठी. २०० वॅटला ११.१ व्होल्टने भागले की १८ अँपिअर. म्हणून ईएससी ३० अँपिअरचा घ्यायचा. तो ३० अँपिअर देतो म्हणून नव्हे. १८ मागितले गेले तर तो थंड राहील आणि कधी २२ झाले तरी तगून जाईल म्हणून. यामागे लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी. तिच्यावर तीन आकडे असतात. ३एस म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा आणि ३ च्या खाली कधीही न जाऊ द्यायचा. २२०० मिलिअँपिअर-तास म्हणजे साठा. आणि २५सी म्हणजे साठ्याच्या पंचवीस पट, ५५ अँपिअर, इतका करंट ती सोसेल असे बनवणाऱ्याचे म्हणणे. साठ्यातला पाचवा हिस्सा तळाशी राखायचा असतो. उरलेला १८ अँपिअरने उपसला तर सहा मिनिटेही पुरत नाही, सरासरी ८ अँपिअरवर उडवले तर तेरा मिनिटे. बॅटरीचे वजन १८५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सबंध विमानाचा जवळजवळ पाचवा भाग, आणि इथे साखळीचे टोक पुन्हा सुरुवातीला येऊन मिळते. मोठी बॅटरी घेतली की वजन वाढते, विंग लोडिंग वाढते, तरंगायला वेग जास्त लागतो, वेगाला शक्ती लागते, आणि वाढवलेल्या साठ्याचा काही भाग त्या शक्तीतच जातो.

हे सगळे नुसत्या आकडेमोडीवर उभे आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून इतिहासाचा दाखला देतो. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांचे ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल विजेवर उडाले. रेडिओने नियंत्रित अशा विजेच्या विमानाचे हे पहिले नोंदलेले उड्डाण मानतात. मोटर सापडणे अवघड नव्हते, अवघड होते ते वजनाला पेलेल अशी वीज मिळणे. टॅपलिननी चांदी-जस्ताची महागडी बॅटरी वापरली. पुढे निकेल-कॅडमियमचा काळ आला, त्यात किलोमागे जेमतेम ४० वॅट-तास साठत. आजची आमची ३एस लिपो किलोमागे १३० च्या पुढे साठवते. यावरून कोणी म्हणेल, की मग निर्णय बॅटरीनेच केला, हवेने नव्हे. पण त्या कमकुवत बॅटऱ्यांच्या काळात काही माणसांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात रॉबर्ट बाऊचर यांचे ‘सनराइज’ हे वैमानिकाविना उडणारे विमान फक्त सौर सेलवर उडाले. पंखांचा विस्तार ३२ फूट, वजन साडेबारा किलो, आणि सौर सेलची शक्ती ४५० वॅट. किलोमागे ३६ वॅट झाले, आमच्या शिकाऊ विमानाच्या ठोकताळ्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाऊचरनी अधिक जोराची मोटर शोधली नाही. त्यांनी पंख इतका मोठा आणि विमान इतके हलके केले, की हवेने थोडेच मागावे.

याहून पुढचे उदाहरण पॉल मॅक्रीडी यांचे. लहानपणी मॉडेल विमानांच्या स्पर्धा जिंकलेला हा अभियंता. माणसाच्या पायांची शक्ती सायकल मारताना टिकून राहील तर ती एका अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, एवढेच हातात आहे असे धरून त्यांनी मागे हिशेब केला आणि १९७७ मध्ये ‘गोसॅमर काँडॉर’ माणसाच्या पायांवर उडवून दाखवले. १९८० मध्ये ‘गोसॅमर पेंग्विन’ आले. पंखांचा विस्तार सुमारे २१ मीटर, रिकाम्या विमानाचे वजन ३१ किलो, आणि बाऊचर यांच्या कंपनीची ‘अ‍ॅस्ट्रो ४०’ मोटर. ही मोटर मॉडेल विमानांसाठीच बनवलेली होती. सौर पट्टीतून तिला मिळत होते ५४१ वॅट. १८ मे १९८० रोजी मॅक्रीडींचा तेरा वर्षांचा मुलगा मार्शल त्या विमानात बसून उडाला. त्याचे वजन ३६ किलोच्या जवळपास होते. विमान आणि मुलगा मिळून ६७ किलो, म्हणजे किलोमागे ८ वॅट. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. एवढ्याच वॅटची मोटर आज तीन किलोच्या मॉडेलवर बसवली जाते आणि कोणाला त्यात विशेष वाटत नाही. तशाच मोटरीने एक माणूस उचलला. मोटरीवर छापलेला कोणताही आकडा हे सांगू शकला नसता. ते मोठा पंख, गिअर लावून सावकाश फिरवलेला मोठा प्रोपेलर आणि वजनाची कंजुषी यांतून आले, आणि या तिन्ही गोष्टी हवेच्या बाजूच्या आहेत. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या हेलिकॉप्टरचेही तसेच. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याएवढी, म्हणून १.८ किलोच्या यंत्राला टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटरची पाती लागली आणि ती मिनिटाला २४०० च्या वर फिरवावी लागली.

दुसरी साखळी हुकुमाची. तीही पलीकडूनच वाचावी असे मी म्हणतो. पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन, आडव्या शेपटीला एलिव्हेटर, उभ्या शेपटीला रडर. बिजागरीवर हलणाऱ्या या पट्ट्या आहेत. हवा त्यांना जितक्या जोराने दाबते तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्या दाबाविरुद्ध पट्टी फिरवायला तिच्यावर एक उभे शिंग असते, त्याला हॉर्न म्हणतात, त्यात बारीक भोके असतात. एका भोकात तारेची दांडी अडकते आणि दांडीचे दुसरे टोक सर्व्होच्या हातात. नऊ ग्रॅमच्या सर्व्होचा पीळ साधारण १.६ किलो-सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या हातावर तो दीड किलोच्या वर ओढू शकतो. दांडी हॉर्नच्या वरच्या भोकात टाकली की पट्टी कमी हलते पण जोर वाढतो, खालच्या भोकात टाकली की उलट. ट्रान्समीटरमध्ये आज डुअल रेट, एक्स्पो, मिक्सिंग अशा सोयी असतात आणि पट्टी जास्त हलते असे दिसले की मुले स्क्रीनवर टक्के कमी करतात. पट्टी कमी हलते खरी, पण सर्व्होचा जोर वाढलेला नसतो आणि त्याच्या दात्यांमधली ढिलाई पट्टीपर्यंत तेवढीच मोठी होऊन पोहोचते. त्या ढिलाईमुळे वेगात पट्टी थरथरू लागते आणि तुटूनही जाते. तेच काम हॉर्नच्या भोकाने केले तर जोर वाढतो आणि ढिलाई घटते. सर्व्होच्या मागे रिसिव्हर. तो दर सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक स्पंद पाठवतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्हो मध्यावर, एकाचा असेल तर एका टोकाला, दोनाचा असेल तर दुसऱ्या. रिसिव्हरला आणि सर्व्होंना पाच व्होल्ट मिळतात ते ईएससीतल्या बीईसी नावाच्या भागातून, त्याच एका बॅटरीतून. म्हणून बॅटरी उतरली की ईएससी आधी मोटर बंद करतो आणि हुकुमासाठी वीज राखून ठेवतो. मोटर बंद पडलेले विमान घसरत खाली आणता येते, सर्व्हो बंद पडलेले आणता येत नाही. रेडिओबद्दल थोडक्यात एवढेच, की २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या संचात रिसिव्हर आपल्या ट्रान्समीटरची ओळख लक्षात ठेवतो, तिला बाइंडिंग म्हणतात. संपर्क तुटला तर काय करायचे, ते फेलसेफ. पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर दोघांचा क्रिस्टल एकच निघाला तर एकाचे विमान पडणार हे ठरलेले असे, ती भीती आता राहिली नाही.

दोन्ही साखळ्या जिथे भेटतात ती जागा गुरुत्वमध्य. आमच्या २० सेंटिमीटर कॉर्डच्या पंखावर तो पुढच्या कडेपासून ५ ते ६.५ सेंटिमीटर मागे हवा. शेपटीकडे, गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटरवर, दुरुस्तीचा ३० ग्रॅम गोंद आणि पट्टी लागली तर नाकात २० सेंटिमीटरवर ९० ग्रॅम वाढवावे लागतात, किंवा बॅटरी पुढे सरकवावी लागते. विजेच्या विमानात बॅटरी ही सरकवता येणारी सर्वांत जड वस्तू, त्यामुळे तिची जागा ठरवते ते सोयीचे झाकण नव्हे, गुरुत्वमध्य. तो मागे गेला की एलिव्हेटर अतिशय चपळ होतो, विमान नाक वर काढते आणि ते आवरण्याआधी स्टॉल होते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की आज विमाने खोक्यातून तयार येतात, कारखान्याने सगळे जुळवलेले असते, मग हे शिकायचे कशाला? पहिल्या दिवसापुरता हा आक्षेप खरा आहे. पहिल्या आदळण्यात प्रोपेलर मोडतो, दुकानात नेमका तो नसतो, त्याच्या जवळचा मिळतो, आणि जुळवणी तिथेच संपते. शिवाय बॅटरी म्हातारी होते. तिचा अंतर्गत रोध वाढतो, खोक्यावरचा सी मात्र तसाच छापलेला राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमानात आता जायरो असतो, तो विमान आपोआप सरळ ठेवतो. गुरुत्वमध्य आणि स्टॉल यांची चिंता त्यावर सोपवावी. जायरो नवशिक्याला खरोखर मदत करतो, वाऱ्यात तर फारच, हे मला मान्य आहे. पण जायरोच्या हातात सर्व्होच असतात. सर्व्हो पट्टी हलवू शकतो, पंखाला उचल देऊ शकत नाही. स्टॉल झालेल्या पंखाचे टोक खाली गेले की जायरो त्या बाजूचा एलेरॉन खाली ढकलतो, त्याने त्या टोकाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि ते टोक अधिकच पडते. शेपूट जड असलेले विमान जायरो बराच वेळ सांभाळून नेतो, आणि बॅटरी उतरून वेग कमी होईपर्यंत दोष कोणाला कळतही नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. मुलाच्या हातात पहिल्यांदा ट्रान्समीटरच येतो, त्याला विंग लोडिंगचा भागाकार शिकवत बसलो तर त्याचा उत्साह मावळेल. उडवायला शिकण्याचा क्रम ट्रान्समीटरपासूनच असावा, यावर माझा वाद नाही. पण प्रोपेलरचा नियम मुलाला मैदानावरच दाखवता येतो. विमान घट्ट धरून वॉटमीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडा, १० चा प्रोपेलर लावून आकडा वाचा, मग ११ चा लावून वाचा. चौथ्या घाताचे नाव न घेता मुलाला कळते की मागणी कोणाची होती. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने शिकवली जातात, अभियांत्रिकीच्या मुलांच्या स्पर्धा होतात. तिथे मोटर विकत घ्यायच्या आधी वजनाचा आणि पंखाचा आकडा फळ्यावर लिहिला जावा एवढेच मी मागतो.

उरला भाषेचा आक्षेप. हे सगळे शब्द इंग्रजी, मग मराठीत बोलून काय साधते, असे एका बाजूने म्हटले जाते. दुसऱ्या बाजूने म्हटले जाते की आधी प्रत्येकाला मराठी प्रतिशब्द काढा. इथे मला असे दिसते की या वस्तूंची इंग्रजी नावेही पुष्कळदा दिशाभूल करतात, आणि त्यांचे भाषांतर केले तर ती दिशाभूलही सोबत येते. एलिव्हेटर म्हणजे वर नेणारा. शहरात आपण इमारतीतल्या लिफ्टलाही हाच शब्द ऐकतो. म्हणून उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडणार असे वाटले की नवशिका एलिव्हेटर ओढतो. एलिव्हेटर विमान वर नेत नाही, पंखाचा हवेशी कोन वाढवतो. वेग कमी असताना कोन वाढला की विमान स्टॉल होते आणि अलीकडेच आपटते. वर जायला थ्रॉटल लागतो. रडरला सुकाणू म्हटले तर होडीचे वळणे डोळ्यांपुढे येते. होडी सुकाणूने वळते. विमान मात्र पंख कलवून, उचलीचा काही भाग आडवा करून वळते, रडर त्याला नाक सरळ ठेवायला मदत करतो. म्हणून नामे आहेत तशी ठेवावीत, सर्व्हो, एलेरॉन, ईएससी. क्रियापदे मात्र आपली वापरावीत, कारण संबंध क्रियापदांत असतो. मैदानावरची आणि दुरुस्तीच्या टेबलावरची माणसे हे करतातच. मोटर लोड घेते, बॅटरी बसते, दांडी अडते, विमान नाक टाकते. सर्व्हो गुरगुरतो, हा शब्द तर फार नेमका आहे. काठी मध्यावर असताना, विमान टेबलावर शांत उभे असताना, एखादा सर्व्हो बारीक आवाज करत राहतो. दिसायला तो स्वस्थ असतो, पण करंट घेत असतो, बीईसी तापवत असतो. सर्व्हो बदलून तो आवाज सहसा जात नाही. कारण त्याच्या पलीकडे असते, जड झालेल्या बिजागरीत किंवा अर्ध्या मिलिमीटरने लांब राहिलेल्या दांडीत, आणि दांडी हॉर्नमधून काढून पट्टी बोटाने हलवून पाहिली की ते हाताला लागते.